खगोलशास्त्रज्ञाचं टपाल कसं वाचायचं: एअरीच्या दप्तरावरून

तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला असा की, एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांचे शोधनिबंध, वेधांची कोष्टकं, वेधशाळांचे अहवाल सगळं छापील मिळत असताना त्यांची पत्रं वाचण्याचा खटाटोप कशाला करायचा? दुसरा असा की, ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख जॉर्ज बिडेल एअरी याने तरुण गणिती जॉन काउच ॲडम्सचा, नव्या ग्रहाचे आकडे देणारा कागद दाबून ठेवला आणि म्हणून नेपच्यूनच्या शोधाचा मान इंग्लंडच्या हातून गेला, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते पत्रांवरून सिद्ध होतं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही होत. पण म्हणून एअरी सुटतो असंही नाही. ज्या पत्रावरून लोक त्याला धारेवर धरतात, त्या पत्रात त्याची बाजू चांगलीच भक्कम आहे. त्याला जाब विचारायचा तर तो दुसऱ्याच एका पत्राबद्दल विचारावा लागतो, आणि ते पत्र त्याने कधी लिहिलंच नाही. न लिहिलेलं पत्र दिसायचं कसं, हेच या कामातलं खरं कसब आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो. आज पत्र म्हटलं की खाजगी मजकूर डोळ्यांपुढे येतो. त्या काळातल्या खगोलशास्त्रज्ञांची पत्रं तशी नव्हती. फ्रीडरिख बेसेलने क्योनिग्सबर्गहून ६१ सिग्नी या ताऱ्याचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे ताऱ्याचं भासणारं सरकणं) मोजला आणि ताऱ्याचं अंतर विश्वासाने मोजल्याचं जगाला कळलं, ते २३ ऑक्टोबर १८३८ या तारखेच्या जॉन हर्शेलला लिहिलेल्या पत्रातून. त्यात आकडा होता ०.३१३६ विकला (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). म्हणजे तारा इतका लांब की प्रकाशाला तिथून यायला दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. ते पत्र लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात पत्र म्हणूनच छापलं गेलं. आल्टोनाच्या शुमाखरने १८२१ पासून चालवलेल्या ‘आस्ट्रोनोमिश नाखरिख्टन’ या खगोलशास्त्राच्या नियतकालिकाची पानंच्या पानं अशा पत्रांनी भरलेली आहेत. शुमाखर येणाऱ्या पत्रातला छापण्याजोगा भाग उचलायचा, बाकीचा स्वतःकडे ठेवायचा. लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं. त्यामुळे एकाच पत्राची दोन अंगं असतात: जगाला दाखवायचं एक, शुमाखरच्या कानात सांगायचं दुसरं. सांधा कुठे आहे हे सरावाने कळू लागतं. बहुतेक वेळा ‘हे आपल्यापुरतं’ अशा अर्थाचं वाक्य येतं आणि तिथून पुढे कोणाची दुर्बीण भिकार, कोणाच्या वेधांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, कोण कोणाच्या जागेवर डोळा ठेवून आहे, हे सुरू होतं. छापील निबंधात यातलं काही सापडायचं नाही. पण कोणी कोणाचे वेध गणितात घेतले आणि कोणाचे वगळले, याचं कारण बरेचदा याच कानगोष्टींत असतं.

पत्र हा पुरावाही असायचा. डेन्मार्कच्या राजाने १८३१मध्ये दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्याला सुवर्णपदक जाहीर केलं, आणि अट घातली की शोधाची खबर पहिल्या टपालाने निघाली पाहिजे. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावर मारिया मिचेलने १ ऑक्टोबर १८४७ला धूमकेतू पाहिला. रोममध्ये दे व्हिकोने तोच ३ ऑक्टोबरला पाहिला, आणि युरोपात खबर त्याची आधी पोचली. मग पत्रापत्री झाली. खबर कधी निघाली, कोणाला लिहिली, नियमात बसते की नाही, यावर हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी शब्द टाकला आणि १८४८मध्ये पदक मिचेलला मिळालं. आकाशात काय दिसलं याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. वाद सगळा टपालाचा होता.

आता एअरीकडे येऊ, कारण पत्रव्यवहार कसा वाचावा हे शिकायला त्याच्याइतकं सोयीचं दप्तर दुसरं नाही. एअरी १८३५ ते १८८१ अशी शेहेचाळीस वर्षं ॲस्ट्रॉनॉमर रॉयल, म्हणजे ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख, होता. कागद म्हणून जो हाती आला तो त्याने फेकला नाही. आलेली पत्रं विषयवार लावायची, भोकं पाडून दोऱ्याने बांधायची, त्याच बाडात आपल्या उत्तराची नक्कलही ठेवायची, ही त्याची शिस्त. या शिस्तीची त्याच्या हयातीतही थट्टा व्हायची. आपण मात्र त्याचं ऋण मानावं. बहुतेक शास्त्रज्ञांच्या बाबतीत आवक त्यांच्या घरी आणि जावक भलत्याच देशातल्या भलत्याच घरी, अशी फाटाफूट असते. एअरीच्या बाडात आवक-जावक एकाखाली एक मिळते. हे कागद आता केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

जावक नकला वाचताना एक लक्षात ठेवा. त्या काळच्या कचेऱ्यांत नक्कल काढायची एक पद्धत म्हणजे ओलसर पातळ कागद मूळ पत्रावर दाबायचा. शाई त्यात उलटी उतरायची आणि कागदाच्या पाठीमागून सुलटी वाचायची. स्कॅनमध्ये हे पान फिकट, फाटलेलं, शाई पसरलेलं दिसतं आणि लोक ते ओलांडून पुढे जातात. पण प्रत्यक्षात टाकलं गेलेलं पत्र ते हेच. स्वच्छ अक्षरातला कागद बरेचदा मसुदा असतो आणि मसुदा व पाठवलेलं पत्र यांत फरक असू शकतो. दोन्ही असतील तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. खोडलेला शब्द अनेकदा ठेवलेल्या शब्दापेक्षा जास्त बोलतो.

नेपच्यूनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण पत्रांच्या क्रमाने ती क्वचितच कुणी वाचलेली असते. युरेनस १७८१मध्ये सापडला, आणि अलेक्सी बुव्हारने १८२१मध्ये त्याची कोष्टकं (तो कधी कुठे असेल याचे आकडे) केली तेव्हापासूनच तो कोष्टकाबाहेर भटकू लागला. १८३४च्या नोव्हेंबरात हसी नावाच्या एका पाद्र्याने एअरीला लिहिलं की पलीकडे एखादा ग्रह असावा, तो शोधता येईल का? एअरी तेव्हा केंब्रिजला होता. त्याने कळवलं की युरेनसच्या चुकीवरून बाहेरच्या ग्रहाची जागा काढता येईल अशी आशा आज तरी नाही. हे पत्र बाजूला काढून ठेवा. अकरा वर्षांनी ॲडम्सचा कागद हाती आला, तेव्हा एअरीच्या डोक्यात काय आधीपासून बसलेलं होतं ते यात आहे.

ॲडम्सचं काम एअरीला अजिबात माहीत नव्हतं, हेही खरं नाही. फेब्रुवारी १८४४मध्ये केंब्रिज वेधशाळेच्या जेम्स चॅलिसने ॲडम्ससाठी युरेनसचे ग्रिनिचचे वेध मागितले. एअरीने दोनच दिवसांत १७५४पासूनचे सगळे वेध पाठवून दिले. ‘दाबून ठेवणाऱ्या’ माणसाची ही रीत नव्हे. २१ ऑक्टोबर १८४५ला ॲडम्स ग्रिनिचला गेला. भेट झाली नाही, म्हणून तो एक कागद ठेवून आला. या कागदाला लोक ‘पत्र’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. त्यात मानलेल्या ग्रहाच्या कक्षेचे आकडे होते आणि तो ग्रह धरला तर युरेनसची चूक किती उरते याचं कोष्टक होतं. हे आकडे कसे काढले, याची कृती नव्हती. एअरीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सव्वीस वर्षांच्या एका माणसाने निष्कर्ष ठेवला आहे, वाट दाखवलेली नाही.

५ नोव्हेंबरला एअरीने उत्तर लिहिलं. मूळ पत्र छोटं आहे. त्यात आधी आभार आहेत, आकडे फार समाधानकारक आहेत अशी पावती आहे आणि मग एक प्रश्न आहे: या मानलेल्या ग्रहामुळे युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली चूकही सुटते का? पुष्कळ लेखक हा प्रश्न फालतू ठरवतात. तो तसा का नाही, ते जरा उलगडून सांगतो. कोष्टकं दोन तऱ्हेने चुकत होती. ग्रह आकाशात पुढे-मागे दिसत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ग्रह सूर्यापासून कोष्टकात आहे त्यापेक्षा वेगळ्या अंतरावर आहे, हे एअरीने स्वतः वेधांवरून काढून १८३०च्या दशकात प्रसिद्ध केलं होतं. ग्रह सूर्याच्या बरोबर समोर असताना घेतलेल्या वेधांत ही अंतराची चूक दिसत नाही, कारण ती आपल्या नजरेच्या रेषेतच असते. ग्रह सूर्यापासून नव्वद अंशांवर असतानाचे वेध घेतले तरच ती उघडी पडते. तेव्हा बऱ्याच जणांना शंका होती की इतक्या लांबवर गुरुत्वाकर्षणाचा नियम तंतोतंत चालतो की नाही. अशा वेळी पहिली चूक सुटली म्हणून नवा ग्रह मानायचा की दुसरीही सुटते का हे आधी विचारायचं? मला तरी एअरीचा प्रश्न रास्त वाटतो. कसलेला परीक्षक विचारेल तोच हा प्रश्न आहे.

ॲडम्सने उत्तर पाठवलं नाही. पुढे वर्षभराने, १८ नोव्हेंबर १८४६ला, त्याने या हलगर्जीबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करणारं पत्र एअरीला लिहिलं. प्रश्न क्षुल्लक वाटला म्हणून तो गप्प राहिला, ही कथा नंतर रूढ झाली. मात्र २००४मध्ये कॉर्नवॉलमध्ये त्याच्या घराण्याच्या कागदांत १३ नोव्हेंबर १८४५ची तारीख असलेला एक अर्धवट मसुदा सापडला. एअरीचं पत्र मिळाल्यावर आठवड्याभरात तो उत्तर लिहायला बसला होता, आपली पद्धत समजावून सांगत होता, आणि मध्येच थांबला. एका अपुऱ्या कागदाने दीडशे वर्षांची रूढ समजूत डळमळीत केली. ज्याला प्रश्न क्षुल्लक वाटतो तो माणूस उत्तराला बसत नाही.

आता १८४६चा जून. पॅरिसचा गणिती उर्बां ल व्हेरिए यानेही युरेनसचं हेच गणित हाती घेतलं होतं; त्याने १ जूनला आपला निबंध वाचला. त्यात ग्रहाची जागा राशिचक्रावर ३२५ अंशांवर दिली होती. तो ग्रिनिचला पोचल्यावर एअरीने पाहिलं की ॲडम्सच्या आणि याच्या जागेत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. २६ जूनला त्याने ल व्हेरिएला पत्र लिहिलं आणि अंतराबद्दलचा अगदी तोच प्रश्न विचारला. या पत्रात ॲडम्सचं नाव नाही. ल व्हेरिएने २८ जूनला उत्तर लिहिलं, १ जुलैला ते ग्रिनिचला पोचलं. उत्तर चोख होतं: गणितात समोरचे आणि नव्वद अंशांवरचे असे दोन्ही वेध वापरले असल्याने अंतराची चूक वेगळी हाताळावी लागलीच नाही, ती आपोआप सुधारली. एअरीचं समाधान झालं.

इथे बहुतेक लोक वाचन थांबवतात, कारण त्यांना फक्त अंतराच्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. पत्र तिथे संपत नाही. पुढे ल व्हेरिए म्हणतो की, माझ्या कामावर इतका विश्वास असेल की तुम्ही हा ग्रह आकाशात शोधाल, तर गणित पुरं होताच मी त्याची नेमकी जागा तुम्हाला तातडीने कळवीन. युरोपातल्या सर्वांत बड्या वेधशाळेच्या प्रमुखाला, सर्वांत चांगला गणिती स्वतःहून जागा द्यायला तयार होता. या पत्राच्या पुढे बाडात एअरीचं उत्तर असायला हवं. ते नाही.

एअरीने नंतर कारण दिलं की आपण युरोपच्या प्रवासाला निघणार होतो, त्यामुळे अधिक अचूक आकडे मागून ल व्हेरिएला त्रास देण्यात अर्थ नव्हता. हे कारण तारखांवर घासून पाहा. तो निघाला ऑगस्टमध्ये. म्हणजे महिन्याहून अधिक काळ हाताशी होता. आणि या काळात तो स्वस्थ बसला नव्हता. ९ जुलैला त्याने चॅलिसला लिहिलं की केंब्रिजच्या नॉर्थम्बरलँड दुर्बिणीने हा ग्रह शोधा. १३ जुलैला पुन्हा लिहिलं की हाती असलेल्या, थांबवण्याजोग्या कुठल्याही कामापेक्षा हे महत्त्वाचं आहे. कुठला पट्टा झाडून काढायचा तेही सांगितलं: तीस अंश लांब, दहा अंश रुंद. म्हणजे ग्रह आहे यावर त्याचा विश्वास बसला होता, शोध सुरू करायची घाई होती, आणि तरीही नेमकी जागा द्यायला तयार असलेल्या माणसाला त्याने दोन ओळी लिहिल्या नाहीत. ॲडम्सचं नाव ल व्हेरिएला सांगितलं नाही आणि ल व्हेरिएचा देकार घेतला नाही, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की माझं मत असं होतं: एअरीला हा शोध केंब्रिजच्या घरात राहायला हवा होता. हे मत आहे, पत्रात हे कुठेही लिहिलेलं नाही. पण ५ नोव्हेंबरच्या पत्रावरून एअरीला झोडपणारे ज्या आधारावर झोडपतात, त्यापेक्षा या मताला आधार बराच जास्त आहे.

पुढचा भाग लवकर उरकतो. चॅलिसने २९ जुलैला शोध सुरू केला. ऑगस्टमध्ये त्याने तो ग्रह दोनदा नोंदला, पण नोंदींची तुलना केली नाही, म्हणून ओळखला नाही. त्या भागाचा नवा नकाशा त्याच्याकडे नव्हता. तो नकाशा होता बर्लिनला.

बर्लिनला तो कसा उपयोगी पडला हीसुद्धा टपालाचीच गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. योहान गाले या तिथल्या साहाय्यकाने आदल्या वर्षी आपला प्रबंध ल व्हेरिएला भेट पाठवला होता. विषय होता डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओल रोमरचे जुने वेध. ल व्हेरिएने पोचसुद्धा दिली नव्हती. १८ सप्टेंबर १८४६ला त्याला दुर्बीण हवी होती, तेव्हा त्याला हा प्रबंध आठवला. पत्राच्या सुरुवातीला प्रबंधाचे आभार आहेत, त्याची स्तुती आहे, रोमरच्या वेधांवर शास्त्रीय चर्चा आहे, आणि मग विनंती: या या जागी दुर्बीण लावा, तीन विकलांहून मोठी तबकडी दिसेल. वर्षभर उत्तर न दिलेल्या माणसाकडे काम काढायचं असेल तर मायना कसा लिहावा, याचा हा नमुना आहे. पत्र २३ सप्टेंबरला पोचलं. वेधशाळेचा प्रमुख एन्के याचा त्या दिवशी पंचावन्नावा वाढदिवस होता. त्याने फारसा उत्साह न दाखवता परवानगी दिली. त्याच रात्री गाले दुर्बिणीशी आणि दारेस्ट हा विद्यार्थी नकाशाशी बसला, आणि नकाशात नसलेला ‘तारा’ सापडला, भाकिताच्या जागेपासून एका अंशाच्या आत. २५ तारखेला गालेने पॅरिसला कळवलं की तुम्ही दाखवलेल्या जागी ग्रह खरोखरच आहे.

पत्रावर किती विश्वास ठेवावा, याचा धडाही याच माळेत आहे. १ ऑक्टोबरला ल व्हेरिएने गालेला लिहिलं की पॅरिसच्या ब्यूरो दे लाँजित्यूद या सरकारी खगोल मंडळाने ग्रहाचं नाव ‘नेपच्यून’ आणि चिन्ह त्रिशूळ असं ठरवलं आहे. ब्यूरोने असं काहीही ठरवलेलं नव्हतं. आणि काही दिवसांतच ल व्हेरिएचा मित्र आरागो ग्रहाला ल व्हेरिएचंच नाव द्यावं म्हणून उभा राहिला. एवढं एकच पत्र हाती असलेला अभ्यासक ब्यूरोच्या ठरावाची तारीख १ ऑक्टोबर म्हणून लिहून मोकळा होईल. तशा नोंदी मी पाहिल्या आहेत. म्हणून माझा रिवाज असा की पत्रातला दावा आणि पत्राची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत टिपायच्या. पत्र १ ऑक्टोबरचं आहे हे पक्कं. त्यात म्हटलेली गोष्ट घडली की नाही, याला वेगळा पुरावा लागतो.

तारखांचा विषय निघालाच आहे तर त्यातले सापळेही सांगतो, कारण नवख्याचा पाय सगळ्यांत जास्त इथेच अडकतो. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा. ही पद्धत १९२४च्या अखेरपर्यंत चालली. पत्राच्या डोक्यावरची तारीख नेहमीची, पण आत वेधाची तारीख खगोलशास्त्रीय, हे एकाच कागदावर सर्रास आढळतं. गालेचा वेधच घ्या: २३ सप्टेंबर, १२ तास ० मिनिटं १४.६ सेकंद. म्हणजे दुपारच्या बारापासून बारा तास, म्हणजे मध्यरात्र उलटून चौदा सेकंद. नेहमीच्या हिशेबाने ती २४ तारीख झाली. याउलट रशियातून आलेल्या, खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हच्या दोर्पात किंवा पुल्कोवो वेधशाळेच्या पत्रांवर जुन्या (ज्युलियन) पंचांगाची तारीख असेल तर ती त्या शतकात बारा दिवस मागे असते. बरेच जण दोन्ही तारखा तिरक्या रेघेने लिहीत. जो एकच लिहितो त्याची बाकीची पत्रं पाहून सवय ठरवावी लागते.

मग टपालाचा शिक्का. इंग्लंडमध्ये १८३९च्या अखेरपर्यंत टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरायचा आणि तो बहुधा पत्र घेणारा भरायचा. त्यामुळे पाकीट वापरायला कुणी तयार नसे. पत्रच घडी घालून लाखेने बंद करायचं आणि त्याच्याच पाठीवर पत्ता. शिक्काही तिथेच उठायचा. पेनी पोस्ट (एका पेनीत पत्र नेणारं टपाल) आल्यावर पाकिटं आली आणि पाकिटं फेकली जाऊ लागली. म्हणून १८३५च्या पत्राचा प्रवास आपण अनेकदा दिवसागणिक सांगू शकतो आणि १८५५च्या पत्राबद्दल लिहिणाऱ्याने घातलेल्या तारखेवर भागवावं लागतं. ज्या स्कॅनमध्ये फक्त मजकुराची पानं आहेत आणि पाठ वगळली आहे, तो मला अर्धाच वाटतो.

अंतरही हिशेबात धरा. पॅरिस ते बर्लिन पाच दिवस, पॅरिस ते ग्रिनिच तीन दिवस, हे आपण वर पाहिलं. जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ दक्षिण आफ्रिकेच्या केपला होता. तिथून इंग्लंडला पत्र पोचायला महिने लागायचे. अशा वेळी ‘आपल्या पत्राच्या उत्तरादाखल’ असं लिहिलेलं पत्र तुम्हाला हाताशी असलेल्या शेवटच्या पत्राचं उत्तर वाटतं, प्रत्यक्षात ते त्याच्या आधीच्या तिसऱ्या पत्राचं असतं. हर्शेलची म्हातारी आत्या कॅरोलिन हॅनोव्हरहून त्याला बजावत होती की वृश्चिकाकडे नीट बघ, तुझ्या वडिलांना तिथे आकाशात भोक दिसलं होतं. घरगुती पत्रातली ही एक ओळ. विल्यम हर्शेलच्या छापील कामातून त्याचा तो विस्मय इतक्या जिवंतपणे समोर येत नाही. आज आपण त्या जागेला धुळीचा काळा ढग म्हणू. म्हणून नातेवाइकांची पत्रं ‘अशास्त्रीय’ म्हणून बाजूला टाकू नका.

पुढे तारायंत्र आलं आणि पत्रांचं रूप बदललं. नोव्हेंबर १८७२च्या २७ तारखेला उल्कांचा मोठा वर्षाव झाला, तेव्हा ग्योटिंगेनच्या क्लिंकरफ्यूसने मद्रास वेधशाळेच्या पॉगसनला तार केली की बिएलाने (म्हणजे बिएलाच्या धूमकेतूने) २७ला पृथ्वीला स्पर्श केला, थीटा सेंटॉरी या ताऱ्याजवळ शोधा. पॉगसनला डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे धूमकेतू दिसलाही, फक्त तो बिएला असण्याची शक्यता फारच कमी होती. तारेत कारणमीमांसा नसते, ती मागाहून पत्राने यायची. त्यामुळे १८६०नंतरच्या दप्तरात निर्णय एका कागदावर आणि त्याचं कारण दुसऱ्या, उशिराच्या कागदावर असतं.

छापील पत्रसंग्रहांबद्दल एकच सावधगिरी. बेसेल आणि ओल्बर्स यांची पत्रं १८५२मध्ये छापली ती अडोल्फ एर्मानने, आणि तो बेसेलचा जावई. एअरीचं आत्मचरित्र १८९६मध्ये संपादित केलं ते त्याच्या मुलाने. मजकूर खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण घरचा संपादक काय गाळेल, ज्यांची मुलं-माणसं हयात आहेत त्यांच्याबद्दलची कोणती वाक्यं त्याला नको असतील, याचा अंदाज बांधून वाचावं. एअरीने स्वतःच नोव्हेंबर १८४६मध्ये नेपच्यून प्रकरणाची पत्रं निवडून, क्रमाने लावून जाहीर केली. दीड शतक बहुतेक इतिहासकार त्या निवडीवर विसंबले. कारण मूळ बाड पाहायची सोय बराच काळ नव्हती. ते १९६०च्या दशकात ग्रिनिचच्या वेधशाळेच्या संग्रहातून गायब झालं होतं. संशय ओलिन एगन या खगोलशास्त्रज्ञावर होता, तो कानावर हात ठेवत राहिला. १९९८मध्ये त्याचं निधन झालं तेव्हा ते चिलीत त्याच्याच कागदांत सापडलं आणि केंब्रिजला परत आलं. म्हणजे नेपच्यूनवर १९६५ ते १९९८ या काळात लिहिलेलं काहीही वाचताना, लेखकाने मूळ बाड पाहिलेलं नाही हे गृहीत धरा. तो लेखक कितीही मोठा असो.

तुमच्या कामासाठी म्हणाल तर मी असं सुचवेन. १८४४च्या फेब्रुवारीपासून १८४६च्या नोव्हेंबरपर्यंतचा एकच तक्ता करा. रकाने असे: लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, कोणाकडून, कोणाला, मूळ की मसुदा की नक्कल की छापील, विचारलेला प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पत्रात मिळतं. शेवटचा रकाना रिकामा राहील त्या ओळीला लाल खूण करा. मी सांगितलेल्या पत्रांत अशा दोन ओळी ठळक निघतील, एक ॲडम्सची आणि एक एअरीची. मग शेजारी त्या त्या आठवड्यात माणूस आणखी कशात गुंतला होता ते लिहा. १८४५-४६मध्ये एअरी रेल्वेच्या रुळांची रुंदी ठरवणाऱ्या सरकारी आयोगावरही होता, आणि ॲडम्स कागद ठेवून गेला त्याच महिन्यात एअरीच्या घरी मूल जन्माला आलं. सगळं बाड फक्त नेपच्यूनचं दिसतं कारण ते विषयवार लावलेलं आहे. एअरीच्या टेबलावर ते तसं कधीच नव्हतं. त्याच तारखांची त्याची इतर बाडंही काढून पाहा. ॲडम्सची बाजू केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आणि ल व्हेरिएची पॅरिस वेधशाळेच्या ग्रंथालयात मिळेल. प्रती मागवताना पत्रांच्या कोऱ्या दिसणाऱ्या पाठीही हव्यात असं आवर्जून लिहा, नाहीतर त्या पाठवत नाहीत.